किरणोपचारानंतरचे दात : डोके व मान कर्करोगाच्या उपचारातील एका दुर्लक्षित प्रश्नाचा इतिहास (१९२२ ते २०२४)

गोषवारा

डोके व मान या भागातील कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णाचे दात आणि जबडा यांचा प्रश्न उपचार संपल्यानंतर सुरू होतो आणि आयुष्यभर टिकतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी गेल्या शंभर वर्षांत कशी बदलत गेली याचा आढावा घेतला आहे. सरसकट दात काढण्याच्या प्रथेपासून दात राखण्याच्या धोरणापर्यंतचा प्रवास, लाळेचे महत्त्व, उच्चदाब प्राणवायू उपचाराचा उदय व त्याची फेरतपासणी आणि भारतीय संदर्भ यांचा विचार येथे केला आहे. उशिरा दिसणाऱ्या हानीची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा या इतिहासाचा केंद्रीय प्रश्न आहे, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजशब्द : किरणोपचार, मुखकर्करोग, लाळ, दंतक्षय, जबड्याचा अस्थिनाश, वैद्यकाचा इतिहास.

१. प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास सामान्यतः शोधांचा आणि विजयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादा रोग बरा करण्याचे साधन सापडले की त्या प्रकरणाची सांगता होते. परंतु रोग बरा झाल्यानंतर रुग्णाच्या शरीरात जे उरते, त्याचाही एक इतिहास असतो. डोके व मान यांच्या कर्करोगात, म्हणजे जीभ, गाल, हिरडी, घसा, स्वरयंत्र इत्यादी अवयवांच्या कर्करोगात, हा दुसरा इतिहास विशेष ठळकपणे दिसतो. या भागात किरणोपचार करताना किरणांच्या मार्गात लाळग्रंथी, दात, जबड्याची हाडे आणि चावण्याचे स्नायू येतात. कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात. मात्र तोंड कोरडे पडते, दात झपाट्याने किडतात आणि काही रुग्णांत जबड्याचे हाड मृत होऊन उघडे पडते.

ही हानी लगेच दिसत नाही. कोरडेपणा पहिल्या काही आठवड्यांत जाणवतो, दंतक्षय काही महिन्यांत सुरू होतो, तर हाडाचा नाश कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो. तोपर्यंत रुग्णाचा कर्करोगतज्ज्ञाशी असलेला संबंध विरळ झालेला असतो आणि तो ज्या दंतवैद्याकडे जातो त्याला जुन्या उपचाराचा तपशील पुष्कळदा ठाऊक नसतो. दोन विद्याशाखांच्या मधल्या या जागेत हा प्रश्न दीर्घकाळ पडून राहिला. तो कसा ओळखला गेला आणि त्यावर कोणती उत्तरे शोधली गेली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. किरणांचा शोध आणि जबड्याची साक्ष

विल्हेल्म रॉन्टगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी दातांचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. त्यासाठी सुमारे २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले होते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य एडमंड केल्स हेही या क्षेत्रातील आद्य प्रवर्तकांपैकी एक. वर्षानुवर्षे असंरक्षित हातांनी काम केल्यामुळे त्यांना कर्करोग झाला, अनेक शस्त्रक्रियांत हात गमवावा लागला आणि १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपविले. किरणांचे नवल आणि किरणांची हानी या दोहोंशी दंतवैद्यकाचा संबंध असा आरंभापासूनच होता.

जबड्याचे हाड किरणोत्साराला किती संवेदनशील असते, हे जगासमोर आले ते मात्र रुग्णालयातून नव्हे, तर कारखान्यातून. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंगाने आकडे रंगविणाऱ्या तरुण स्त्रिया ब्रशाचे टोक ओठांनी अणकुचीदार करीत. त्यांतील काहींचे दात हलू लागले आणि जबडे सडू लागले. न्यूयॉर्कमधील दंतशल्यवैद्य थिओडोर ब्लम यांनी १९२४ मध्ये अशा एका रुग्णाच्या जबड्याच्या विकाराची नोंद केली. त्यानंतर वैद्यकीय तपासणी अधिकारी हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ मध्ये त्याचा रेडियमशी असलेला संबंध सविस्तर मांडला. येथे रेडियम शरीरात जाऊन हाडांत साठले होते. किरणोपचारात किरणे बाहेरून दिली जातात अथवा किरणोत्सारी स्रोत काही काळ गाठीत ठेवला जातो. हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि दोन्ही ठिकाणी हानीची पहिली खूण दातांत व जबड्यात दिसली.

३. रेगो यांचे निरीक्षण : जबडा का मरतो?

किरणोपचारानंतर जबड्याच्या हाडाचा नाश होतो, हे वैद्यकीय साहित्यात मांडण्याचे श्रेय पॅरिसच्या रेडियम संस्थेतील क्लॉडियस रेगो यांच्याकडे जाते. त्यांचा या विषयावरील लेख १९२२ चा आहे. याच वर्षी त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी स्वरयंत्राच्या वाढलेल्या कर्करोगाचे काही रुग्ण केवळ किरणांनी बरे झाल्याचे पॅरिस येथील परिषदेत दाखविले. एकाच वेळी मोठी मात्रा देण्याऐवजी ती अनेक दिवसांत विभागून द्यावी, ही पद्धत या संस्थेत विकसित झाली आणि आजचा किरणोपचार त्याच पायावर उभा आहे.

या दोन घटना एकाच संस्थेत, एकाच वर्षी घडाव्यात यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे. रुग्ण काही महिन्यांतच दगावत असत, तोपर्यंत दातांचे पुढे काय होते हा प्रश्नच उद्भवत नव्हता. रुग्ण जगू लागले तेव्हा त्यांच्या शरीरातील उशिराची हानी दिसू लागली.

पुढे १९२६ मध्ये न्यूयॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी किरणांमुळे हाडात होणाऱ्या बदलांचे वर्णन केले. १९३८ मध्ये वॉटसन व स्कारबरो यांनी मुखकर्करोगाच्या रुग्णांतील अनुभवाच्या आधारे किरणांची मोठी मात्रा, स्थानिक इजा आणि जंतुसंसर्ग या तीन घटकांची सांगड घातली. किरणांनी दुबळ्या झालेल्या हाडाला दात काढताना इजा होते, त्या वाटेने तोंडातील जंतू आत शिरतात आणि हाड मरते, असा हा विचार होता. खालच्या जबड्याला हा धोका अधिक, कारण वरच्या जबड्याच्या तुलनेत त्याचा रक्तपुरवठा मर्यादित असतो.

४. दात की लाळ?

हाडाच्या प्रश्नासोबत दातांचा प्रश्न होता. किरणोपचार घेतलेल्या रुग्णांचे दात विशिष्ट रीतीने किडत. नेहमीची कीड दाढांच्या खाचांत किंवा दोन दातांच्या मधल्या फटीत सुरू होते. येथे मात्र ती हिरडीलगत दाताच्या मानेभोवती वर्तुळाकार पसरते, दातांच्या कडांवर व टोकांवर दिसते आणि एरवी सहसा न किडणारे खालचे पुढचे दातही तिच्यातून सुटत नाहीत. अनेकदा वेदना होत नाहीत. एके दिवशी दाताचा वरचा भाग मुळापासून तुटून हाती येतो.

किरणे दातांवर थेट आघात करतात म्हणून असे होते, ही स्वाभाविक समजूत होती. क्यूबात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये प्रशिक्षित झालेले किरणोपचारतज्ज्ञ हुआन देल रेगातो यांनी १९३९ मध्ये मुख, घसा व स्वरयंत्र यांच्या किरणोपचारानंतरच्या दंतविकारांवर लेख प्रसिद्ध केला. किरणांच्या थेट मार्गाबाहेर राहिलेले दातही किडतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि लाळेतील बदल हे मुख्य कारण ठरविले.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारणतः अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती अन्नकण धुऊन नेते, आम्लाचा प्रभाव कमी करते, दाताच्या पृष्ठभागाला कॅल्शियम व फॉस्फेट परत मिळवून देते आणि जंतूंची वाढ आटोक्यात ठेवते. कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथी पातळ लाळेचा मोठा भाग पुरवितात आणि नेमक्या याच ग्रंथी किरणांना फार संवेदनशील असतात. उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात स्राव लक्षणीय घटतो. उरलेली लाळ दाट, चिकट व आम्लधर्मी होते. चावण्यास सोपे म्हणून रुग्ण मऊ व गोड पदार्थांकडे वळतो, कोरड पडते म्हणून गोड पेये घोटघोट पितो आणि तोंड सोलवटलेले असल्यामुळे ब्रश टाळतो. दंतक्षयाला पोषक अशी सर्व परिस्थिती एकत्र येते. कीड ही एका हरवलेल्या संरक्षणाची परिणती आहे, हे सूत्र देल रेगातो यांच्या निरीक्षणात होते. ते उपचारपद्धतीत उतरण्यास मात्र आणखी तीन दशके लागली.

५. सरसकट दात काढण्याची प्रथा

मधल्या काळात व्यवहारात जे उत्तर स्वीकारले गेले ते कठोर होते. किरणोपचारानंतर दात काढणे धोक्याचे, आणि दात तर किडणारच. तेव्हा उपचारापूर्वीच सर्व दात काढून टाकावेत, अशी प्रथा अनेक केंद्रांत रूढ झाली. त्या काळाच्या साधनांचा विचार करता हे तर्काला सोडून नव्हते. जबडा सडण्यापेक्षा दात नसणे बरे, असा हिशोब त्यामागे होता.

परंतु या हिशोबात काही बाबी धरलेल्या नव्हत्या. निरोगी दात काढल्याच्या जखमा भरण्यासाठी किरणोपचार लांबणीवर टाकावा लागे, आणि घाई केल्यास न भरलेल्या जखमेवरच किरणे पडत. कोरड्या तोंडात कवळी नीट बसत नाही. तिच्या घर्षणाने पातळ झालेली त्वचा सोलवटते आणि त्याच वाटेने हाड उघडे पडू शकते. म्हणजे ज्या संकटातून सुटण्यासाठी दात काढले, ते दुसऱ्या वाटेने परत येऊ शकत होते. शिवाय कर्करोगाचे निदान ऐकून खचलेल्या माणसाला आपले सर्व दातही एका फटक्यात गमवावे लागत. या नुकसानीची मोजदाद करण्याची रीत त्या काळच्या वैद्यकात नव्हती.

६. कोबाल्टचे युग आणि फ्लोराइडचा पर्याय

परिस्थिती बदलली ती प्रथम भौतिकशास्त्रामुळे. जुन्या यंत्रांतील कमी ऊर्जेचे क्ष-किरण कॅल्शियमसारख्या जड मूलद्रव्यात अधिक शोषले जात. त्यामुळे शेजारच्या मऊ ऊतींपेक्षा हाडाला कितीतरी अधिक मात्रा मिळे. १९५१ मध्ये कॅनडातील सॅस्कॅटून व लंडन (ऑन्टारिओ) येथे कोबाल्ट-६० यंत्रांचा वापर सुरू झाला. या उच्च ऊर्जेच्या किरणांचे शोषण हाड व मऊ ऊती यांत जवळजवळ सारखे होते. १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रेषीय प्रवेगकाचा वापर सुरू झाला. हाडावरचा अतिरिक्त भार कमी झाला. मात्र दोन्ही बाजूंनी किरणे देण्याच्या तत्कालीन पद्धतीत पॅरोटिड ग्रंथी मार्गातच राहिल्या आणि तोंडाचा कोरडेपणा पूर्वीसारखाच राहिला. यंत्र सुधारले म्हणजे सगळेच प्रश्न सुटतात असे नव्हे, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरा बदल अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात घडला. तेथे दंतवैद्य हा कर्करोग उपचार चमूचाच भाग होता. डॅली, ड्रेन व मॅककोम यांनी १९७२ मध्ये दात व जबड्याच्या व्यवस्थापनावरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. १९७७ मध्ये सॅम्युअल ड्रायझेन व सहकाऱ्यांनी कोरड्या तोंडातील दंतक्षयाच्या प्रतिबंधावरील निष्कर्ष मांडले. रुग्णाच्या दातांच्या मापाचे साचे तयार करून त्यांत १ टक्का सोडियम फ्लोराइडचे जेल भरावयाचे आणि ते रोज काही मिनिटे दातांवर ठेवावयाचे, अशी ही साधी पद्धत होती. ती नियमाने पाळणाऱ्यांचे दात टिकत असल्याचे दिसले. वाचू न शकणारे दात उपचारापूर्वी काढावेत, बाकीचे राखावेत आणि राखलेल्या दातांची आयुष्यभर निगा घ्यावी, हे धोरण येथून रुजले.

या धोरणातील 'आयुष्यभर' हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्व दात काढणे ही एका दिवसाची कृती होती. त्यानंतर कोणाचीही जबाबदारी उरत नसे. दात राखण्याचा निर्णय मात्र रुग्ण, दंतवैद्य आणि कर्करोग केंद्र या तिघांना दीर्घकाळ बांधून ठेवतो. वैद्यकीय धोरणातील हा बदल तांत्रिक जितका, तितकाच नैतिकही होता.

७. प्राणवायूचा सिद्धान्त आणि त्याची परीक्षा

१९८३ मध्ये अमेरिकन मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या अस्थिनाशाची नवी उपपत्ती मांडली. मृत हाडाच्या खोल भागात जंतू आढळत नाहीत, ते केवळ पृष्ठभागावर असतात. खरे कारण किरणांमुळे ऊतींत प्राणवायू, पेशी व रक्तवाहिन्या या तिन्ही गोष्टी कमी होणे हे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मग प्राणवायूच पुरविला तर? अधिक दाबाच्या कक्षात रुग्णाला शुद्ध प्राणवायू देण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ७४ रुग्ण होते. दात काढताना पेनिसिलिन दिलेल्या ३७ पैकी ११ जणांना अस्थिनाश झाला, तर काढण्यापूर्वी २० वेळा व नंतर १० वेळा प्राणवायू दिलेल्या ३७ पैकी केवळ २ जणांना. हा फरक इतका मोठा होता की पुढची तीन दशके हा उपचार अनेक देशांत आदर्श मानला गेला.

यथावकाश त्याची फेरतपासणी झाली. २००४ मध्ये फ्रान्समधील अनान व सहकाऱ्यांनी आधीच अस्थिनाश झालेल्या रुग्णांवर केलेली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण प्राणवायू गटाला लाभ दिसत नव्हता. २०१९ मध्ये ब्रिटनमधील 'होपॉन' चाचणीचे निष्कर्ष आले. किरणोपचार झालेल्या खालच्या जबड्यावर दात काढण्यासारखी शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या रुग्णांत सहा महिन्यांनी अस्थिनाशाचे प्रमाण प्राणवायू गटात ६.४ टक्के, तर त्याविना असलेल्या गटात ५.७ टक्के आढळले. लक्षणीय बाब ही की, दोन्ही गटांत प्रमाण कमी होते. दोन्हींना प्रतिजैविके व क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिल्या होत्या.

दरम्यान फ्रान्समधील डेलानियाँ व लेफे यांनी किरणांमुळे ऊती तंतुमय होणे हीच मूळ प्रक्रिया असल्याचा विचार पुढे आणला आणि पेंटॉक्सिफिलिन व ई-जीवनसत्त्व यांचा उपयोग सुचविला. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संस्थांनी एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दात काढण्यापूर्वी सरसकट उच्चदाब प्राणवायू देण्याची शिफारस नाही. दातांची पूर्वतपासणी, आवश्यक तेवढेच दात शक्यतो किरणोपचाराच्या किमान दोन आठवडे आधी काढणे आणि ५० ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा मिळालेल्या भागात नंतर दात काढण्याऐवजी मूळनलिकेच्या उपचारासारखे पर्याय शोधणे, यांवर भर आहे. शंभर वर्षांनंतर वैद्यक पुन्हा त्या साध्या प्रतिबंधाकडेच आले आहे.

८. लाळ वाचविण्याचे प्रयत्न

देल रेगातो यांच्या निरीक्षणाला खरे तांत्रिक उत्तर मिळाले ते तीव्रता-नियंत्रित किरणोपचारामुळे. या पद्धतीत संगणकाच्या साहाय्याने किरणांचा आकार व तीव्रता अशी योजतात की गाठीला पूर्ण मात्रा मिळावी आणि पॅरोटिड ग्रंथीला शक्य तेवढी कमी. ब्रिटनमधील 'पारस्पोर्ट' चाचणीत (२०११) एका वर्षानंतर लक्षणीय कोरडेपणाचे प्रमाण पारंपरिक पद्धतीत ७४ टक्के, तर नव्या पद्धतीत ३८ टक्के होते. हे यश मोठे आहे. तरीही ३८ टक्के ही संख्या लहान नव्हे. अमेरिकेतील ५७२ रुग्णांच्या 'ओरारॅड' नोंदणी अभ्यासात दोन वर्षांच्या पाठपुराव्यात सुमारे ६ टक्के रुग्णांत हाड उघडे पडल्याचे आढळले. आधुनिक यंत्रांनी धोका कमी केला, नाहीसा केला नाही.

९. भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न अधिक व्यापक आहे. 'ग्लोबोकॅन २०२२' च्या अंदाजानुसार देशात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात आणि पुरुषांत हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री यांच्या सवयींशी त्याचा थेट संबंध आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली गेली, तरी तंबाखू चघळण्याची सवय संपलेली नाही. सुपारीमुळे आधीच तोंड कमी उघडणाऱ्या रुग्णाला दात घासणे व दंतवैद्याला उपचार करणे, दोन्ही कठीण जाते.

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र नवी मुंबईतील खारघर येथील कर्करोग संशोधन केंद्रात प्रथम बसविले गेले. टाटा स्मारकातील तज्ज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत लाळग्रंथींच्या लक्षणीय तीव्र त्रासाचे प्रमाण त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्के, तर तीव्रता-नियंत्रित पद्धतीत ५९ टक्के आढळले. ब्रिटनमधील निष्कर्ष भारतीय रुग्णांतही दिशेने खरा ठरतो, हे त्यातून दिसले.

परंतु यंत्रापलीकडचा प्रश्न वेगळा आहे. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील एखाद्या गावातून मुंबईला येऊन सहा-सात आठवडे उपचार घेणारा रुग्ण परत जातो, तेव्हा त्याच्या दातांची निगा कोण राखणार? फ्लोराइडचे साचे कोण करून देणार? तीन वर्षांनी दाढ दुखू लागल्यावर तो तालुक्याच्या दंतवैद्याकडे जाईल, तेव्हा आपल्या जबड्याला किती ग्रे मात्रा मिळाली हे तो सांगू शकेल काय? ही माहिती नसल्यास, एरवी निर्धोक असलेली दात काढण्याची क्रिया जबडा गमावण्याचे निमित्त ठरू शकते. रुग्णाच्या हाती किरणोपचाराची मात्रा व क्षेत्र नमूद केलेले एक साधे कार्ड देणे, उपचारापूर्वीची दंततपासणी अनिवार्य करणे आणि जिल्हा रुग्णालयातील दंतविभागांना या रुग्णांच्या पाठपुराव्यात सामील करून घेणे, हे उपाय महागडे नाहीत. त्यांसाठी नव्या शोधाची नव्हे, तर दोन विभागांमधील संवादाची आवश्यकता आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, किरणोपचारानंतरच्या दंतविकारांचा प्रश्न हा कर्करोग उपचाराच्या यशातून जन्मला. रुग्ण जितके अधिक वर्षे जगतील, तितके या प्रश्नाचे महत्त्व वाढत जाईल.

दुसरा, या क्षेत्रात आकर्षक उपपत्ती पुराव्याच्या पुढे धावल्याची उदाहरणे आहेत. सरसकट दात काढणे आणि सरसकट उच्चदाब प्राणवायू देणे या दोन्ही प्रथा दशकानुदशके चालल्या आणि नंतर मर्यादित झाल्या. याउलट पूर्वतपासणी, फ्लोराइड व नियमित निगा हे कमी खर्चाचे उपाय १९७०च्या दशकापासून आजतागायत टिकून आहेत.

तिसरा, हे उपाय टिकून असूनही सर्व रुग्णांपर्यंत पोहोचत नाहीत, कारण त्यांना सातत्याची गरज असते आणि सातत्याची जबाबदारी कोणा एका विभागाकडे सोपविलेली नसते. कर्करोगतज्ज्ञाच्या दृष्टीने रुग्ण बरा झालेला असतो. दंतवैद्याच्या दृष्टीने तो नवा रुग्ण असतो. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र तो तोच माणूस असतो, ज्याला भाकरी चावता यावी, चारचौघांत मोकळेपणाने बोलता यावे आणि रात्री तोंड कोरडे पडून जाग येऊ नये, एवढीच अपेक्षा असते. ही अपेक्षा उपचाराच्या फलिताचा भाग मानली जाते की नाही, यावरच या इतिहासाचे पुढील प्रकरण अवलंबून राहील.